तांबं, ॲल्युमिनियम आणि मधली बोटभर जागा

मारेगावहून वणीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी आणि तुरीची शेतं लागतात आणि धुऱ्याधुऱ्यानं विजेचे खांब आपल्याबरोबर चालत राहतात. मधूनच दोन खांबांच्या मधे बसवलेलं रोहित्र दिसतं. रोहित्र हा कागदावरचा शब्द. गावात त्याला सगळे ‘डीपी’ म्हणतात. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत ‘डीपी गेली’ एवढं कुणी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पाळीचं पाणी चुकलं, आता आठवडा की पंधरवडा एवढाच प्रश्न उरतो.

डीपी जाण्याची कारणं अनेक असतात. तेल कमी होतं, वीज पडते, भार जास्त होतो. पण एक कारण असं आहे की ते खालून दिसत नाही आणि त्याचा इतिहास मात्र फार लांबचा आहे. खांबावरची तार ॲल्युमिनियमची असते. रोहित्रातून बाहेर आलेले, चिनीमातीच्या टोप्यांमधून डोकावणारे दांडे बहुधा पितळेचे किंवा तांब्याचे असतात. म्हणजे कुठेतरी ॲल्युमिनियम आणि तांबं यांची गाठ पडते. ही जागा जेमतेम बोटभर. या बोटभर जागेचा नीट बंदोबस्त करायला माणसाला शंभर वर्षं लागली, ती कशी, ते पाहू.

पहिला प्रश्न वर्गातली मुलंच विचारतील : सगळंच तांब्याचं का नाही? तांबं विजेचं उत्तम वाहक, त्याला वाकवता येतं, त्याची ओळखही आपल्याला हजारो वर्षांची. ॲल्युमिनियम मात्र अगदी कालचं. हम्फ्री डेव्हीनं त्याला नाव दिलं, पण धातू काही त्याच्या हाती लागला नाही. १८२५ मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं आणि १८२७ मध्ये जर्मनीच्या व्होलरनं तो थोडाथोडका मिळवला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ॲल्युमिनियम एखाद्या मौल्यवान धातूसारखं मांडलेलं होतं. १८८४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर वीजवाहक म्हणून ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला, तेव्हाही ती मिरवण्याचीच गोष्ट होती.

मग १८८६ साल उजाडलं. अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू, दोघांनी एकमेकांना न ओळखता एकच युक्ती शोधली : ॲल्युमिनियमचं ऑक्साइड वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवायचं आणि त्यातून वीज सोडायची. दोघांचा जन्म १८६३ चा आणि दोघांचा मृत्यूही एकाच वर्षी, १९१४ मध्ये! ॲल्युमिनियम स्वस्त झालं ते या युक्तीनं. पुढे ते आपल्या चुलीपर्यंत आलं. ‘जर्मनचं पातेलं’ म्हणून आजी ज्याला नाकं मुरडायची, ते हेच.

आता थोडं गणित. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. म्हणजे तेवढाच रोध हवा असेल तर तार जाड घ्यावी लागेल, तिच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १.६४ पट. पण तांब्याची घनता ८.९ आणि ॲल्युमिनियमची २.७. मुलांना हिशेब करायला सांगा : १.६४ गुणिले २.७ भागिले ८.९. उत्तर येतं ०.५. म्हणजे तेवढंच काम करणारी ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेच्या निम्म्याच वजनाची असते. खांबांवर मैलोन्‌मैल तार टांगायची असेल तेव्हा हा निम्मा आकडा फार मोठा असतो. ॲल्युमिनियमचा ताण सोसण्याचा दुबळेपणा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दूर झाला. मधे पोलादी तार घालून भोवती ॲल्युमिनियमच्या तारा पिळायच्या, असा तो उपाय. गावाकडच्या अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर अशीच तार असते. तिचा तुटका तुकडा कुणाकडे मिळाला तर वर्गात आणा. मधे एक पोलादी, भोवती सहा ॲल्युमिनियमच्या. एकाच जाडीच्या वर्तुळाभोवती बरोबर सहाच वर्तुळं का बसतात, हा भूमितीचा धडा फुकटात मिळतो. या तारांना इंग्रजांनी प्राण्यांची नावं दिली आणि ती आजही वायरमनच्या तोंडी आहेत. वीझल, रॅबिट, डॉग. ‘रॅबिट टाकली’ असं कोणी म्हणालं तर सशाची काळजी करू नका.

आपल्या देशात ॲल्युमिनियमकडे वळण्यामागे वजनापेक्षाही टंचाईचा वाटा होता. तांबं आपल्याकडे थोडं. राजस्थानातलं खेतडी किंवा सिंगभूमचा पट्टा सोडला तर तेव्हा बाकी बहुतेक सगळं आयात होत असे. परकीय चलन तर त्याहून दुर्मीळ. बॉक्साइट मात्र मुबलक. रेणुकूटचा कारखाना १९६२ मध्ये सुरू झाला, कोरब्याचा सत्तरच्या दशकात. बेळगावच्या कारखान्याला कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड भागातलं बॉक्साइट जाऊ लागलं. इकडे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि १९६९ मध्ये देशभरच्या खेड्यांना वीज देण्यासाठी ग्रामीण विद्युतीकरण निगम. खेड्यापाड्यांत वीज न्यायची, तीही विहिरीवरच्या पंपापर्यंत, तर तांबं परवडणार नाही हे उघड होतं. १९७० च्या ॲल्युमिनियम नियंत्रण आदेशानं तर देशात तयार होणाऱ्या ॲल्युमिनियमपैकी निम्मं विद्युत वापराच्या प्रतीचं असावं असा दंडक घातला. हे नियंत्रण उठलं १९८९ मध्ये. म्हणजे वीस वर्षं पातेल्यांपेक्षा तारांना मान होता. (टंचाई माणसाला काय काय करायला लावते! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तांबं इतकं अपुरं पडलं की अणुबाँबसाठी युरेनियम वेगळं करणाऱ्या चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी त्यांनी सरकारी खजिन्यातली तेरा हजार टनांहून अधिक चांदी काढून वापरली. आपण नशीबवान, आपल्याकडे बॉक्साइट होतं.)

ॲल्युमिनियमची तार आली ती अशी. पण रोहित्रांचे दांडे, मोटारींची वेटोळी, स्विचचे भाग बहुतेक तांब्यापितळेचेच राहिले. बदल तारेत झाला आणि जोडाचा विचार नंतर.

या जोडात बिघडतं काय? पहिली गोष्ट, ॲल्युमिनियम कधीच उघडं नसतं. हवेत येताच क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो काही नॅनोमीटरच जाडीचा असतो, पण चिवट असतो आणि विजेला अडवतो. जर्मनचं पातेलं गंजत नाही ते या पापुद्र्यामुळे, आणि तारेचा जोड बिघडतो तोही या पापुद्र्यामुळेच. दुसरी गोष्ट, ॲल्युमिनियम मऊ. बोल्टनं कितीही करकचून आवळलं तरी सततच्या दाबाखाली ते हळूहळू सरकतं, पसरतं, आणि बोल्ट सैल पडतो. तिसरी गोष्ट प्रसरणाची. एक अंश तापमान वाढलं तर एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रोमीटर लांबतं, तांबं १७ आणि पोलाद १२. आता मारेगावच्या शिवाराचा विचार करा. वीज आली की ‘ऑटो’ लावलेले सगळे पंप एकदम सुरू होतात, जोड तापतो. वीज गेली की थंड होतो. वर मे महिन्यातलं विदर्भातलं ऊन. प्रत्येक वेळी ॲल्युमिनियम जास्त फुगतं, दबतं आणि आकसताना थोडी फट सोडतं. त्या फटीत हवा शिरते आणि पुन्हा पापुद्रा धरतो.

चौथी गोष्ट पाण्याची, आणि तिचा शोध लागला तो विजेच्या कितीतरी आधी, समुद्रावर. १७६१ मध्ये इंग्रजांच्या आरमारानं ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवण्यासाठी तांब्याचे पत्रे ठोकले. खिळे लोखंडी. जहाज वेस्ट इंडिजकडे जाऊन आलं. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा किड्यांचा पत्ता नव्हता, पण कित्येक खिळेही गायब! लोखंड अक्षरशः खाऊन टाकल्यासारखं झालं होतं. काही खिळे मात्र शाबूत होते. का? पत्रे ज्या जाड कागदात गुंडाळून आले होते त्याचे तुकडे त्या खिळ्यांखाली चुकून राहून गेले होते. दोन धातूंचा स्पर्शच झाला नव्हता. तेव्हा गॅल्व्हानीचा बेडूकही तडफडला नव्हता आणि व्होल्टाची विद्युतघटमाला तर १८०० सालची. कारण कुणाला सांगता आलं नाही, पण निष्कर्ष अचूक निघाला : खारं पाणी मधे असेल तर दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवू नयेत.

आज आपण म्हणतो की ती एक घटमालाच होती. ज्या धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची तयारी जास्त, तो झिजतो. ॲल्युमिनियम आणि तांबं यांच्या प्रमाण विभवांत तब्बल दोन व्होल्टचा फरक आहे. ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे प्रत्यक्षात तो बराच कमी भरतो. मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनियमची आणि तांब्याची पट्टी बुडवून मल्टिमीटर लावा, अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसेल. पट्ट्या तारेनं जोडून काही दिवस तशाच ठेवल्या तर कोण झिजतं ते मुलं स्वतः पाहतील.

दुसरा प्रयोग याहून बोलका आहे. शेतकऱ्याच्या घरात मोरचूद असतोच. त्याच्या द्रावणात चिमूटभर मीठ घालून एक थेंब ॲल्युमिनियमच्या जुन्या झाकणावर टाका. (हातमोजे घाला आणि ते झाकण पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.) थोड्याच वेळात बुडबुडे येतात आणि थेंबाखाली लालसर तांबं जमतं. तेवढ्या तांब्याच्या बदल्यात ॲल्युमिनियम विरघळून गेलेलं असतं. मीठ घातलं नाही तर फारसं काही होत नाही, कारण पापुद्रा फोडण्याचं काम मीठ करतं. या थेंबातच वीजजोडणीचा एक जुना नियम आहे : ॲल्युमिनियम वर, तांबं खाली. तांबं वर असेल तर त्यावरून ओघळणारं पावसाचं पाणी तांब्याचे आयन घेऊन ॲल्युमिनियमवर उतरतं आणि तिथे आपला मोरचुदाचा प्रयोग रोज चालू राहतो. हा नियम माहीत असलेले जुने वायरमन आहेत. कारण सांगणारे कमी भेटतात. ते सांगणं आपलं, शिक्षकांचं काम.

या सगळ्याचा परिणाम मोजायचा तर ओहमचा नियम पुरेसा आहे. रोहित्रातून एका तारेत १०० ॲम्पिअर प्रवाह चालला आहे असं धरा. ६३ किंवा १०० केव्हीएच्या डीपीसाठी हा आकडा अवाजवी नाही. चांगल्या जोडाचा रोध एका मिलिओहमच्याही खाली असतो. तो बिघडून १० मिलिओहम झाला, म्हणजे ओहमचा शंभरावा भाग. व्होल्टतेची घट केवळ एक व्होल्ट. पंपाला ती कळणारही नाही. पण त्या जागी तयार होणारी उष्णता? प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध : १०० वॅट. जुन्या शंभरच्या बल्बला हात लावून पाहिलेला असेल त्याला कळेल. तो बल्ब आता एका बोल्टमध्ये कोंबला आहे. तापला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. एके रात्री ठिणग्या, मग दांड्याभोवतीचं रबर जळतं, तेल गळतं, आणि सकाळी कळतं की डीपी गेली.

हे दुखणं फक्त आपलं नव्हतं. तांब्याचे भाव चढले म्हणून अमेरिकेत १९६५ नंतरच्या काही वर्षांत सुमारे वीस लाख घरांत ॲल्युमिनियमचं वायरिंग झालं. प्लगचे स्क्रू मात्र पितळेचे. पुढे आगी लागू लागल्या, चौकशा झाल्या. अशा घरांतला एखादा जोड आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट असल्याचं तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं जाहीर केलं. तार तीच, भिंतीत निवांत पडलेली. ती कुठेच जळत नव्हती. जळत होते ते जोड.

उपाय निघाले. तार घासून लगेच ग्रीस लावायचं, म्हणजे हवा लागत नाही. बोल्टखाली स्प्रिंगसारखी चकती घालायची. एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेली पातळ दुहेरी चकती मधे ठेवायची. आणि तांब्याला कथील लावायचं. कथील लावणं म्हणजे कल्हईच! पितळेच्या भांड्यातल्या ताकाला चव बिघडू न देणारा कल्हईवाला आणि केबलच्या टोकाला कथील लावणारा कारखाना, दोघंही दोन पदार्थांच्या भांडणात तिसरा घालून ते मिटवतात. हे सगळे उपाय उपयोगी आहेत, पण प्रत्येक जण जोडणाऱ्याच्या हातावर विसंबतो. आणि तो हात रात्री, खांबावर, टॉर्च दातात धरून काम करत असतो.

मग वितळवूनच का जोडू नये? दोन्ही धातूंचा रस एकत्र केला की प्रश्न मिटला, असं वाटतं. इथे धातुशास्त्र आडवं येतं. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, तांबं १०८५ ला. त्याहून वाईट म्हणजे दोघांचं मिश्रण ५४८ अंशांनाच वितळू लागतं, आणि थंड होताना त्यात दोघांची संयुगं तयार होतात. दोन ॲल्युमिनियम अणूंना एक तांबं, चार ॲल्युमिनियमना नऊ तांबं, अशी. ही संयुगं काचेसारखी ठिसूळ आणि विजेला जास्त रोध करणारी. त्यांचा थर मायक्रोमीटरभर असला तर जोड धरतो. काही मायक्रोमीटरच्या पुढे गेला की जोड बिस्किटासारखा तुटतो. वितळवलं की थर जाड होणारच. पेच असा की चिकटायला उष्णता हवी आणि उष्णता तर थोडीच हवी.

सुटका झाली ती घर्षणानं. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकच्या शस्त्रागारात काउंट रम्फर्डनं तोफेच्या नळीत बोथट गिरमिट घालून ते घोड्यांकरवी फिरवलं आणि भोवतीचं पाणी विस्तवाशिवाय उकळून दाखवलं. उष्णता हा कुठला द्रव नसून गतीशी तिचा संबंध आहे, हा युक्तिवाद त्यानं त्यावरून केला. आपण पाठ्यपुस्तकात हे शिकवतो आणि पुढे जातो. हीच उष्णता जोडकामाला वापरावी हे मात्र लेथवर काम करणाऱ्या माणसांना सुचलं. १९५६ मध्ये सोव्हिएत संघातल्या चुदिकोव्ह या कारागिरानं दोन दांड्यांपैकी एक फिरवत दुसऱ्यावर दाबला आणि ते चक्क जुळले. धातू वितळत नाही, नुसता मऊ होतो. वरचा पापुद्रा घासून बाहेर फेकला जातो आणि आतला ताजा धातू ताज्या धातूला भिडतो. सगळं काही सेकंदांत, त्यामुळे ठिसूळ संयुगांना वाढायला वेळच मिळत नाही. तांब्या-ॲल्युमिनियमच्या जोडाला हवं होतं तेच.

पण ही युक्ती फिरवता येणाऱ्या गोल वस्तूंची. सपाट पट्ट्या कशा फिरवणार? याचं उत्तर १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संस्थेत वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं : वस्तू फिरवूच नका, तिसरंच काहीतरी फिरवा. कठीण पोलादाचं एक हत्यार, खाली बोटाच्या पेरासारखी खुंटी आणि तिच्यावर रुंद खांदा. दोन पट्ट्या कडेला कड लावून घट्ट आवळायच्या, खुंटी फिरवत सांध्यात घुसवायची आणि सांध्याच्या रेषेनं पुढे सरकवत न्यायची. खांद्याच्या घर्षणानं धातू मऊ होतो, खुंटी तो ढवळते आणि मागे सोडते. ताकातली रवी आठवा, फक्त ताकाच्या जागी न वितळलेला धातू. याला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात. आपण घर्षण-मंथन म्हणायला हरकत नाही. ना ठिणगी, ना धूर, ना जोडकामाची कांडी. ॲल्युमिनियमची जहाजं, रेल्वेचे डबे, अग्निबाणांच्या टाक्या यांत ते काही वर्षांतच रुळलं.

तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं मंथन मात्र सरळ नव्हतं. खुंटी बरोबर मधून नेली तर तांब्याचे मोठे तुकडे उपटले जातात आणि ठिसूळ संयुगांचा चिखल होतो. जगभरच्या प्रयोगशाळांत अनेक वर्षं प्रयोग करून दोन गोष्टी हाती लागल्या. खुंटी बरीचशी ॲल्युमिनियमच्या बाजूला सरकवायची, तांब्याला तिनं नुसतं खरवडून जायचं. आणि तांबं ठेवायचं ते ज्या बाजूला खुंटीच्या फिरण्याची दिशा आणि पुढे सरकण्याची दिशा एकच असते त्या बाजूला. उलट ठेवलं तर बहुतेक वेळा जोड पोकळ निघतो. बाजू बदलली की निकाल बदलतो, ही गोष्ट मला फार आवडते. धातूलाही डावं-उजवं कळतं म्हणायचं!

घर्षण-मंथनाचं यंत्र खांबावर चढवता येत नाही. त्याला टनाच्या हिशेबातला दाब लागतो आणि पट्ट्या जखडून ठेवणारा पाया लागतो. पण चढवायची गरजच नाही. अवघड जोड कारखान्यातच करून टाकायचा. केबलच्या टोकाला बसवायचा असा एक तुकडा मिळतो, वायरमन त्याला लग किंवा थिंबल म्हणतात : नळीचा भाग ॲल्युमिनियमचा, बोल्ट लावायचा चपटा भाग तांब्याचा, मधला सांधा घर्षणानं जोडलेला. गोल असल्यामुळे त्याला चुदिकोव्हची पद्धत चालते. जाड सपाट पट्ट्यांना थॉमसची. खांबावर मग ॲल्युमिनियमच्या नळीत ॲल्युमिनियमची तार दाबून बसवायची आणि तांब्याला तांबं आवळायचं. खांबावर दोन धातूंची गाठच पडत नाही.

हाच प्रश्न आता गावात दुसऱ्या दारानं आला आहे. विजेवरच्या दुचाकीच्या लिथियम बॅटरीत प्रत्येक घटाचं एक टोक ॲल्युमिनियमशी जोडलेलं असतं आणि दुसरं तांब्याशी. घट एकापुढे एक जोडताना पुष्कळदा पुन्हा तीच गाठ पडते. तिथे कुठे घर्षण, कुठे लेसर, कुठे स्वनातीत कंपनं वापरतात.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी असा एक दुहेरी लग विजेच्या सामानाच्या दुकानातून जरूर आणा, आणि लोखंडी करवतीनं उभा चिरून कानस आणि बारीक पॉलिश पेपरनं घासा. एका बाजूला रुपेरी, एका बाजूला लाल, आणि मधे केसासारखी रेघ. मग तो चिरलेला अर्धा भाग मिठाच्या पाण्यात महिनाभर ठेवून पाहा. जोड पक्का असला तरी पाण्याला त्याचं काही वाटत नाही. रेघेलगत ॲल्युमिनियमच्या बाजूला खड्डे पडू लागतात. म्हणून असा लग बसवल्यावरही त्याच्यावर रबरी नळी चढवतात किंवा ग्रीस लावतात, आणि ॲल्युमिनियम वर, तांबं खाली, हे आजही पाळतात.